घाटाखाली पोहायचं, घाटावर पळायचं

१.९ किलोमीटर पोहायचं, पाण्यातून निघालं की ओल्या अंगानं ९० किलोमीटर सायकल हाणायची, आणि सायकल ठेवली की २१.१ किलोमीटर पळायचं. मध्ये सुट्टी नाही. सगळं साडेआठ तासांत उरकलं पाहिजे. आयर्नमॅन ७०.३ असं या स्पर्धेचं नाव. आकडा मैलांचा आहे, किलोमीटरमध्ये तो ११३ होतो. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर ही अर्धी स्पर्धा २०१९ मध्ये सुरू झाली. २७ ऑक्टोबर २०२४ ला मी तिथं पोहले, सायकल चालवली, पळाले आणि वेळेत पोहोचले.

भेटेल तो त्या दिवसाबद्दल विचारतो. पण त्या दिवशी मला दुसरं कामच नव्हतं. पाणी द्यायला स्वयंसेवक, रस्ता अडवायला पोलीस, टाळ्या वाजवायला अनोळखी माणसं. इतके लाड माझे लग्नातही झाले नव्हते. सांगण्यासारखा दिवस त्याच्या तीन आठवडे आधीचा, ५ ऑक्टोबरचा शनिवार. तयारीच्या वेळापत्रकात त्या दिवसावर लाल खूण होती, कारण तिन्ही गोष्टी एकाच दिवशी करायच्या होत्या. वेळापत्रक मी इंटरनेटवरून उतरवलं होतं. ते बनवणाऱ्या माणसाला सासू नसावी, जिल्हा परिषदेची शाळा तर नसावीच.

पहाटे ३.५०

नळाचा दिवस होता. बुलढाण्याला पाणी येतं येळगावच्या धरणातून, पैनगंगेचं. धरण त्या वर्षी भरलं होतं, पण धरण भरलं म्हणून नळ रोज येतो असं नाही. वेळापत्रकात या वेळी ‘झोप, आठ तास’ असं लिहिलेलं. मी दोन ड्रम, टाकी, हंडे आणि सासूबाईंच्या देवघराचा तांब्या भरत होते. पाठीच्या आणि खांद्याच्या व्यायामाचं सदर मी त्या आठवड्यापुरतं इथंच भरून टाकलं.

नवरात्राचा तिसरा दिवस. सासूबाईंचे नऊ दिवसांचे उपवास. माझेही दरवर्षी असायचे. त्या वर्षी मी फक्त उठता-बसता धरणार, हे सांगायला मला ऑगस्टपासून धीर होत नव्हता. शेवटी घटस्थापनेच्या आदल्या रात्री सांगितलं, तर त्या वाती वळता वळता म्हणाल्या, “देवीनं कोनाले उपाशी पळाले नाही सांगतलं.” विषय संपला. उलट उपवासाच्या डब्यातलं खजूर, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, केळी हे सगळं त्यांनी माझ्या हवाली केलं. दुकानात चकचकीत पुड्यांत मिळणारा जो खेळाडूंचा खाऊ असतो, त्याचं काम यातलं बरंचसं करतं. तासाला पन्नास-साठ ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जायला हवेत, इतकाच हिशेब आहे. ते जेलमधून गेले की लाडवातून, हे पायांना कळत नाही.

४.३५

पळायला बाहेर पडले. या तासात खरं तर पळण्यापेक्षा सांध्यांची समजूत घालणंच जास्त असतं.

ऑगस्टमध्ये मला चिकुनगुन्या झाला. राज्यभर साथ होती, घरटी एक तरी माणूस लंगडत होता. ताप चार दिवसांत उतरला, पण घोटे, मनगटं आणि बोटं धरून बसली. सकाळी पोळी लाटताना बेलणं हातातून सुटायचं. जिना उतरायचा तर उलट्या तोंडानं. तयारीचा सगळ्यात महत्त्वाचा काळ तोच, आणि त्याच महिन्यात मतदारयाद्यांची दुरुस्ती आलेली. मी बीएलओ, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. म्हणजे सुजलेल्या घोट्यांनी दारोदार जाऊन, “तुमच्याकडं कोणी वारलं का, कोणाचं लग्न झालं का,” असं विचारत फिरायचं. यादी महिनाअखेर लागली. माझ्या वेळापत्रकाला मात्र ऑगस्टमध्ये मोठं भोक पडलं, ते तसंच राहिलं.

डॉक्टरांनी पळू नका असं सांगितलं नाही, दुखेल तिथं थांबा असं सांगितलं. त्यातून मार्ग निघाला तो जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूमुळं. हा माणूस १९७२ च्या ऑलिंपिकला गेलेला, आणि पुढं त्यानं साध्या माणसांना पळत-चालत लांबचं अंतर काटायला शिकवलं. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. थकल्यावर चालायचं नाही, थकण्याआधीच चालायचं. घड्याळ वाजलं की मी मुकाट्यानं चालते.

जयस्तंभ चौकातून चिखली रोडला लागले तेव्हा पोलीस भरतीची पोरं गटागटानं पळत होती. ती पाचदहा मिनिटं जीव खाऊन पळतात आणि मग पोट धरून उभी राहतात. माझ्या चालण्याच्या मिनिटाला त्यांतलं एक हमखास म्हणायचं, “काकू, दमल्या का?” एक तासानंतर ती घरी गेलेली असतात आणि मी तिथंच असते. सुरुवातीला नवरा मोटरसायकल घेऊन मागं मागं यायचा. अंधारात बाईनं एकटीनं पळायचं म्हणजे मागं दिवा लागतो, असा आमच्या गल्लीचा समज. माझाही. नंतर दवाखान्यातल्या दोन सिस्टर चालायला सोबत येऊ लागल्या आणि तो सुटला.

सकाळी ६.२५

उजाडलं आणि मी सायकलवर राजूर घाटाच्या तोंडाशी होते.

आमच्या जिल्ह्याचे दोनच भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. सोयरीक असो, बदली असो, निवडणुकीचं तिकीट असो, आधी हे विचारतात. बुलढाणा घाटावर, साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर. हवा थंड, म्हणून इंग्रजांनी इथं जिल्ह्याचं ठाणं केलं. मलकापूर, नांदुरा, मोताळा घाटाखाली, कापसाच्या काळ्या जमिनीत आणि उन्हात. माझी शाळा घाटाखाली, मोताळा तालुक्यात. वर्षानुवर्षं मी जीपनं आणि एसटीनं खाली-वर केलं. आता सायकलनं करते. सरावासाठी वेगळा वेळ काढायला माझ्याकडं वेळच नव्हता. शाळेत जाणं-येणं तर करावंच लागत होतं. त्यातच सराव बसवला.

सायकल जुनी, पुण्याच्या एका मुलाकडून भिशीच्या पैशांत घेतलेली. उतारावर ब्रेक एकदम आवळायचा नाही, सोडत सोडत धरायचा. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. परतीच्या पावसानं वाळू वाहून आणलेली असते, ती नेमकी वळणाच्या पोटात साठते. सप्टेंबरमध्ये तिनंच मला आडवं केलं होतं. कोपर सोललं, हँडल वाकलं, एक आठवडा गेला. त्या वळणाला मी अजून पाय खाली टेकवल्यासारखी जाते.

माकडं कठड्यावर बसलेली. टिफिनच्या वासावर त्यांचं लक्ष.

७.१५ ते ११.३०

शाळेत पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे साडी. त्या मार्चमध्ये शासनानं शिक्षकांच्या पेहरावाचा आदेश काढला. बायकांनी साडी, सलवार किंवा चुडीदार, आणि जीन्स-टीशर्ट चालणार नाही. सायकलच्या चड्डीबद्दल आदेश गप्प आहे, पण मी त्याची परीक्षा पाहिली नाही. ऑफिसातल्या कपाटात पोषण आहाराच्या रजिस्टरांखाली माझ्या दोन साड्या कायम घडी घातलेल्या असतात.

शनिवारची सकाळची शाळा, त्यात त्या वर्षापासून ‘आनंददायी शनिवार’ आलेला. शिवाय दोनच दिवसांपूर्वी, ३ ऑक्टोबरला, केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला होता. हेडसरांना त्याचा कार्यक्रम हवा होता आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला फोटोही हवे होते. सातवीच्या मुलींनी फलक रंगवला, एकानं भाषण केलं, फोटो झाले. उरलेला आनंद माझ्या वाट्याला आला.

मी मुलांना टेप दिला आणि मैदानावर पन्नास मीटर मोजायला लावलं. मग प्रत्येकानं ते चालून किती सेकंद लागतात ते मांडायचं, आणि त्या वेगानं २१ किलोमीटरला किती वेळ लागेल ते काढायचं. सहावीचं वेळ-अंतर-वेग इतकं गोंधळात आणि इतकं छान कधी झालं नव्हतं. एका पोरानं साडेपाच तास काढले, दुसऱ्यानं पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटंवाल्याला सगळ्यांनी पुन्हा चालायला लावलं.

“मॅडम, तुमचा नंबर कितवा येईन?” एका पोरानं विचारलं.

“नंबर नाही येणार. वेळेत पोहोचले की झालं.”

“मंग जाता कायले?”

प्रश्न रास्त होता. मी त्याला सांगितलं, दिलेल्या वेळेत पोहोचणं हीच परीक्षा, आणि तिथं पस्तीस टक्क्यांची सोय नाही. पोहणं एक तास दहा मिनिटांत संपलं नाही तर पाण्यातूनच परत पाठवतात. पोहणं आणि सायकल मिळून साडेपाच तास, आणि सगळं मिळून साडेआठ. एक मिनिट उशीर म्हणजे नापास. हे मात्र त्यांना पटलं. नापास करणारी परीक्षा त्यांच्या दृष्टीनं खरी.

खिचडी वाटली, ऑनलाइन हजेरी भरली, नेटवर्क गेलं, पुन्हा भरली.

दुपारी १२.१०

मामांचं शेत शाळेपासून चार-पाच किलोमीटरवर. सोयाबीनच्या सुड्या लागल्या होत्या. एक ताडपत्रीखाली, एक उघडी. थ्रेशरवाल्याची वाट पाहत मामा बांधावर बसलेले. आभाळाकडं एक डोळा, रस्त्याकडं एक. हमीभाव ४८९२, आणि बाजारात मिळायचा त्याहून बराच कमी. “चार हजारानं इकू का घरात ठिवू, सांग,” असं त्यांनी मला विचारलं. मी मराठी आणि गणित शिकवते, तरी माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझ्या स्पर्धेच्या नोंदणीला किती पैसे लागले, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं नव्हतं आणि अजूनही सांगितलेलं नाही.

आता पाणी. जिल्ह्यात लांब पोहायला मोकळं पाणी कुठं आहे? लोणारचं सरोवर आहे, साधारण सव्वा किलोमीटर रुंद, एकदा आरपार जाऊन परत आलं की स्पर्धेच्या अंतराहून जास्तच होतं. पण ते उल्केच्या आघातातून झालेलं विवर, पाणी खारं आणि अल्कधर्मी, भोवती अभयारण्य, २०२० पासून रामसर स्थळ. तिथं पोहणं म्हणजे गुन्हा आणि कातडीचं वाटोळं, दोन्ही. धरणात उतरायला मनाई, आणि असायलाच हवी. राहिली विहीर. लहानपणी मी पोहायला शिकले ती मामांच्या विहिरीतच, पाठीला वाळका भोपळा बांधून. पण विहिरीत चार हात मारले की समोर कडा. कंबरेला दोर बांधून जागच्या जागी पोहूनही पाहिलं. अर्ध्या तासात पोट आवळून येतं आणि माणूस कुठंच गेलेला नसतो.

म्हणून शेततळं. शासनाच्या योजनेतलं एक माप तीस बाय तीस मीटर, खोली तीन मीटर. मामांचं तेच. या काठापासून त्या काठापर्यंत त्रेसष्ट वेळा गेलं की जवळपास १९०० मीटर होतात. ऐकायला सोपं वाटतं. पण शेततळं दिसतं तितकं साधं नाही, हे ठळकपणे सांगायला हवं. खाली प्लास्टिकचा कागद, चारही बाजूंना उतार, त्यावर शेवाळ. पडलेलं माणूस किंवा जनावर त्या गुळगुळीत उतारावरून वर येऊ शकत नाही. पोहणारेही बुडतात ते यामुळंच. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावातून तशी बातमी येते. म्हणून आमचे नियम पक्के. चारही कोपऱ्यांत गाठी मारलेले दोर काठावरच्या खुंटांना बांधलेले, ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब पाण्यात, आणि काठावर माणूस असल्याशिवाय मी पाण्यात पाय घालायचा नाही.

ते माणूस म्हणजे मामी. हातात दोर, मांडीवर सुपात निवडायची तूर. पहिल्या दिवशी माझा पोहण्याचा पोशाख पाहून त्यांनी इकडंतिकडं बघितलं होतं. पोशाख गुडघ्यापर्यंत आणि कोपरापर्यंत झाकणारा, तरी अंगाला चिकटणारा. मग त्या म्हणाल्या, “पान्यात कोन पाह्यते? अन् भायेर निंघाली का मी लुगडं धरतो.” तेव्हापासून तो विषय निघाला नाही. फेऱ्या त्याच मोजायच्या. एक फेरी झाली की तुरीचा एक दाणा बाजूला. माझं आणि त्यांचं मोजणं कधी जुळलं नाही, आणि दर वेळी त्यांचं बरोबर निघालं.

तरण तलावात भिंतीला लाथ मारून पुढची फेरी फुकटात सुरू होते. शेततळ्यात लाथ मारायला भिंत नाही, उतारावर पाय लागला तर घसरतो. म्हणून काठाच्या आधीच पाण्यात वळायचं आणि शून्यातून परत हात चालवायचे. मला हे अडचणीचं वाटायचं. पुण्याच्या एका प्रशिक्षकांनी फोनवर ऐकलं आणि म्हणाले, “समुद्रात तरी भिंत कुठं असते?” समुद्रात सरळ जाण्यासाठी दर आठ-दहा हातांनी डोकं वर काढून खूण बघावी लागते. मी आंब्याच्या झाडाची खूण धरली. मामी तिथं बसल्या असल्या की मामींची.

खांदे त्या दिवशी चाळिसाव्या फेरीनंतर जड झाले. मनगटातली चिकुनगुन्याची कळ पाण्यात कमी लागते, हे एक बरं. त्रेसष्टावा दाणा पडला तेव्हा मुदतीत सात-आठ मिनिटं शिल्लक होती. समुद्राच्या लाटा त्यातली निम्मी खाणार, असं मी धरून चालले.

२.१५

पिठलं, भाकर, ठेचा. मग मामींच्या घरात वीस मिनिटं आडवी. दोन बाटल्यांत जलसंजीवनी कालवली. आशाताईकडं मिळते तीच. घामातून मीठ जातं, नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं आणि गरगरतं. जुलाबाच्या लेकराला जे तत्त्व, तेच सायकल चालवणाऱ्या बाईला.

२.४५

मोताळ्याहून मलकापूरच्या रस्त्यानं आणि परत. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ऑक्टोबरचं ऊन, उजवीकडं कापूस फुटलेला, डावीकडं मका, समोरून जिनिंगकडं निघालेले मिनी ट्रक. लांबचं सायकलिंग बहुतेक वेळ कंटाळवाणं असतं आणि ज्याला कंटाळा सोसतो तो टिकतो. एकदा बाभळीच्या काट्यानं पंक्चर. ट्यूब बदलायला मला आता दहा मिनिटं लागतात. रस्त्याकडेचे तीन बाप्ये मदतीला आले आणि त्यामुळं वीस लागली.

जिल्ह्यात घाटावर समृद्धी महामार्ग आहे. मेहकर, सिंदखेड राजाकडून जाणारा, गुळगुळीत, खड्डा शोधूनही सापडणार नाही. त्यावर सायकलला बंदी. बरोबरच आहे, तिथल्या वेगात सायकल म्हणजे मरण. तरी तिकडं गेल्यावर त्याच्या पुलाखालून जाताना मान वर होतेच.

४.५०

घाटाचा पायथा. सूर्य सहाच्या थोडा पुढं मावळतो, त्याच्या आत वर पोहोचायचं, हा घरच्यांशी झालेला करार.

मलकापूरपासून बुलढाण्यापर्यंत सुमारे चारशे मीटर चढ, त्यातला खरा चढ या घाटात. हलका गिअर टाकायचा, उठून पेडल मारायचं नाही, श्वास इतकाच ठेवायचा की एक पूर्ण वाक्य बोलता यावं. मी पाढे म्हणते. एकोणतीसच्या पाढ्यावर पहिलं मोठं वळण येतं. तिथंच सप्टेंबरमध्ये मी पडले होते, पण चढताना त्या वाळूचं काही वाटत नाही.

लांब पल्ल्याचा खरा खेळाडू आमच्या जिल्ह्यात येऊन गेला तो २०१९ मध्ये, आणि तो चार पायांचा होता. टिपेश्वर अभयारण्यातला तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर. जूनमध्ये निघाला आणि तेराशेहून जास्त किलोमीटर चालून डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत शेतं, कालवे, महामार्ग. कॉलर काढेपर्यंत त्याचं चालणं तीन हजार किलोमीटरच्या पुढं गेलं होतं. भारतात नोंद झालेला वाघाचा हा सगळ्यात लांबचा प्रवास. तो दिवसा दडायचा आणि रात्री चालायचा, असं वनखात्याच्या लोकांनी सांगितलं होतं. एका दमात अंतर काटायचं त्याच्याही मनात नव्हतं. ज्ञानगंगेतलं बोथ्याचं जंगल या घाटापासून लांब नाही. त्या वर्षी संध्याकाळी घाटात दुचाकीवाले हॉर्न वाजवत जायचे.

वर पोहोचले तेव्हा नवरा कठड्याशी मोटरसायकल लावून उभा. त्यानं घड्याळ दाखवलं. करार पाळला गेला होता.

संध्याकाळी ६.०५

सायकल त्याच्या हवाली केली, बूट बदलले आणि लगेच पळायला लागले. या लगेचलाच महत्त्व आहे. तासन्‌तास पेडल मारलेल्या मांड्यांना पळणं म्हणजे काय ते आठवत नाही, पहिली दहा मिनिटं पाय दुसऱ्याचे वाटतात. ती दहा मिनिटं सरावात अनेकदा गेली नाहीत तर स्पर्धेत माणूस घाबरतो. मी त्या दिवशी गावातून पळाले. मंडळांपुढं दांडियाची तयारी चालली होती, लाउडस्पीकरची चाचणी चालली होती, आणि वर्गातल्या एका मुलीची आई आरतीचं ताट घेऊन रस्त्यात थांबून म्हणाली, “मॅडम, काही झालं का? कोन पळून गेलं?”

पंधरावीस मिनिटांनी पाय आपले झाले. घोटा मात्र नाही झाला. चार मिनिटांचं तीन केलं, नंतर दोन. ठरलेलं अंतर पूर्ण न करता मी घराकडं वळले. वेळापत्रकवाल्या गृहस्थानं याला काय म्हटलं असतं माहीत नाही. मी मात्र डॉक्टरांचं ऐकलं.

रात्री ८.३०

आरती, जेवण, मुलाचा विज्ञानाचा प्रकल्प, दिवसभरात साचलेले केंद्रप्रमुखांचे मेसेज. मग रजेचा अर्ज. निवडणूक केव्हाही जाहीर होईल अशी हवा होती, आणि आचारसंहिता लागली की मुख्यालय सोडायला परवानगी लागते. २७ तारीख रविवार, पण भुसावळहून गोवा एक्स्प्रेसनं जायचं तर आधीचे दिवस हवेतच. ‘कारण’ या रकान्यात मी ‘खाजगी काम’ लिहिलं. हेडसरांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “स्पर्धा लिहा ना, अभिमानाची गोष्ट आहे.” स्पर्धा लिहिली की निवडपत्र मागतील, शासनमान्य संघटना कोणती ते विचारतील. खाजगी कामाला कोणी पुरावा मागत नाही.

त्यानंतर वहीत मुदतीचा हिशेब. पोहणं एक तास पाच. कपडे, बूट, सायकल हाती येईपर्यंत आठ मिनिटं. सायकल चार तास दहा. पुन्हा पाच मिनिटं. पळणं-चालणं दोन तास पन्नास. बेरीज आठ तास अठरा. हातात बारा मिनिटं. त्यात एक पंक्चर बसतं, मदतीला कोणी आलं नाही तर. घोट्यासाठी वेगळी तरतूद नव्हती, ती मी पळण्यातच धरली होती.

लोक मला जिद्दीबद्दल विचारतात तेव्हा मी ही वही दाखवते. मिलिंद सोमण २०१५ मध्ये झुरिकला पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत संपवून आले, तेव्हा सगळीकडं त्यांच्या पन्नाशीचं कौतुक छापून आलं. मला त्यात महत्त्वाचा वाटला तो दुसरा आकडा. पूर्ण स्पर्धेलाही मुदत असतेच. म्हणजे इतक्या तयारीचा माणूसही मुदतीच्या आत होता, सगळ्यांच्या पुढं नव्हता. माझ्यासारखीनं जायला हरकत नाही, हे मला त्या बातमीतून कळलं. बाकी त्या शनिवारचं श्रेय मामी, दोन सिस्टर, मोटरसायकलवाला आणि उपवासाचा डबा यांत वाटून टाकलं तर माझ्या वाट्याला थोडंच उरतं. ते मी घेते.

गोव्यात नंतर जवळपास तसंच झालं. पाणी कोमट, म्हणून रबरी पोशाखाला परवानगी नव्हती. माझ्याकडं तो नव्हताच, सगळे माझ्या पातळीला आले. समुद्राचं खारट पाणी दोनदा पोटात गेलं. खूण म्हणून धरायला आंबा नव्हता, नारिंगी बोये होते. सायकल ठरल्याप्रमाणं. पळताना उन्हानं आणि घोट्यानं मिळून त्या बारा मिनिटांतली बरीचशी खाल्ली, पंक्चर झालं असतं तर संपलंच होतं. त्याच दिवशी बंगळुरूचे खासदार तेजस्वी सूर्या ८ तास २७ मिनिटांत पोहोचले आणि देशभर बातमी झाली. शेवटच्या मिनिटांत येणारी माणसंही छापून येतात, हे पाहून बरं वाटलं. वसुबारस आणि धनत्रयोदशी प्रवासात आणि घर आवरण्यात गेली. सासूबाईंनी चकलीची भाजणी करून ठेवली होती, साचा माझी वाट पाहत होता.

शाळा उघडल्यावर नंबर विचारणाऱ्या त्या पोरानं पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, तुमच्या मांगं किती जन होते?” मी म्हणाले, “होते बरेच.” तो खूश झाला. मग नोव्हेंबरात निवडणुकीचा आदेश आला, मतदान अधिकारी क्रमांक दोन. २० तारखेला पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, सातला सुरुवात, सहाला रांगेतल्या शेवटच्या मतदाराला चिठ्ठी, मग मोहोरबंद पेट्या, फॉर्म, ट्रक, आणि तहसीलला यंत्रं जमा करण्याची रांग. मध्यरात्र उलटून गेली. साडेआठ तासांच्या दुपटीहून जास्त, सलग, जेवायला वीस मिनिटं. पदक नव्हतं, पण भत्ता मिळाला.